सुखदेव बेवड्याचं स्वादुपिंड

राइस मिलच्या मागे कोंडा साचतो ना, तसे आमच्या वॉर्डातले किस्से साचलेत. मुद्दाम कोणी साठवत नाही. पुढे तांदळाचं काम चालू असतं, आणि मागे वळून बघावं तर हा ढीग! मी आयुष्यभर मेडिसिन शिकवलं, नावापेक्षा पदव्यांची शेपटी लांब झाली, आणि निवृत्त होऊन गोंदियाला परतलो तेव्हा वाटलं की आता धक्के बसायचे दिवस संपले. कसले संपताहेत!

झालं असं की माझी विद्यार्थिनी डॉ. पल्लवी रहांगडाले इथल्या एका इस्पितळात स्वादुपिंडाच्या सुजेवर संशोधन करत होती. स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे आडवी पडलेली एक ग्रंथी. अन्न पचवणारे रस ती तयार करते. तिला सूज आली की ते रस तिलाच पचवायला लागतात! काही लोकांना हा झटका पुन्हा पुन्हा येतो. तो का येतो, हे एकेका रोग्यात शोधायचं, हा पल्लवीचा विषय. तिनं मला सल्लागार म्हणून बोलावलं. "सर सल्ला कमी देतात, काळजी जास्त करतात," असं ती सगळ्यांना सांगते. खरं असावं. हे सांगतानाही मला शंका आहेच की माझ्या आठवणीत चार गोष्टी इकडच्या तिकडे झाल्या असतील. पण धक्के मात्र सगळे अस्सल आहेत.

* * *

पहिला धक्का चोरखमारा गावाकडच्या एका आजोबांनी दिला. त्यांच्या मुलाला भरती केलं होतं. मी कागदावर पोटाचं चित्र काढून स्वादुपिंड दाखवलं. आजोबांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं.

"हे शयरातल्या लोकाईले रायते जी. आमच्या घरी कोनालेच नाई."

"आजोबा, हे सगळ्यांना असतं. जनावरांनासुद्धा असतं."

"मी जिंदगीभर बोकडे कापलो जी! काळीज निंगते, गुर्दा निंगते. हे कई निंगला नाई!"

ते इतकं ठामपणे म्हणाले की मलाच शंका आली. त्या दिवशी घरी गेल्यावर मी पुस्तक उघडून पाहिलं. बोकडाला असतं.

पण बघावं लागलं!

* * *

सुखदेव कापगते आला तो पोटाशी उशी दाबून, पुढे वाकून. नवेगाव बांधकडचा धानाचा शेतकरी, पन्नाशीचा गडी. दुखणं पार पाठीत गेलेलं, रक्तातलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचाच एक पाचक रस, मर्यादेच्या तिपटीहून कितीतरी वर. निदानाला वेळ लागला नाही. पल्लवीनं नेहमीचा प्रश्न विचारला.

"दारू घेता?"

"नाई जी. थेंब नाई. कईच नाई."

आणि अख्खा वॉर्ड हसला! रोगी हसले, त्यांचे नातेवाईक हसले, झाडू मारणारी बाई झाडू टेकवून हसली. कण्हणाऱ्या माणसाला कोणी असं हसतं? मी थक्क झालो. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

"खोटा कायले बोलतेस गा सुखदेव? सोताच्या डोऱ्यानं पायलो मी तुले पेतानी. एका दमात बाटली खाली केलतास!"

"मीबी पायली जी," झाडूवाली बाई म्हणाली. "बायकोचं मंगळसूत्र हिसकलं ह्यानं, अन् मंग नालीत पडला!"

मंगळसूत्र! मी हादरलो. पल्लवीनं पेन खाली ठेवलं.

"हे सगळं तुम्ही कुठे पाहिलं?"

"नाटकात!"

आता आमच्याकडचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भात, धान कापून झालं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडळ्या गावोगाव फिरतात, गावंच्या गावं बघायला लोटतात. सुखदेव हंगामात 'कुंकू माझं, बाटली त्याची' या नाटकात दारुड्या नवऱ्याचं काम करायचा. ते इतकं गाजलं होतं की चार तालुक्यांत त्याला 'सुखदेव बेवडा' म्हणूनच ओळखत होते.

"ते नाटकात झालं," पल्लवी म्हणाली. "खऱ्यात पितात का?"

म्हातारा विचारात पडला.

"खऱ्यात पेत नसन जी, तं इतका चांगला पडते कसा?"

* * *

हसण्यावारी न्यावं अशी ही गोष्ट नव्हती. कारण दाराशी सुखदेवची बायको विमल उभी होती आणि ती हसली नव्हती.

त्याचा हा तिसरा झटका. आधीच्या दोन्ही वेळी कुठल्याशा डॉक्टरनं 'दारूमुळे' असं सांगून टाकलं होतं. मग विमलनं त्याला बजावलं होतं की बाटलीपायी पुन्हा पोट दुखलं तर मी भावाकडे बोदलकशाला जाईन आणि परत येणार नाही.

मी तिला बाजूला घेतलं. "तुम्हाला घरी कधी वास आला का?"

"नाई जी. कईच नाई."

"मग?"

"माह्या नाकाले काय समजते? मी चवथी शिकली. मोठे डॉक्टर खोटं कायले बोलतील? अन् हंगामात हे गावोगाव फिरते. तठी का मी रायतो सोबत?"

इतक्या वर्षांच्या संसारात जे नाक एकदाही चुकलं नाही, त्याला तिनं आमच्या एका शब्दापायी खोटं ठरवलं होतं! डॉक्टरच्या तोंडून निघालेला शब्द कुठवर जातो, याचा मी कधी नीट विचारच केला नव्हता.

संध्याकाळी सुखदेवनं माझा हात धरला. "साहेब, दुखणं रावू द्या. तिले तेवढं सांगा, मी पेत नाई."

"नुसतं सांगून ती ऐकणार नाही. खरं कारण सापडलं पाहिजे. नाहीतर झटका पुन्हा येईल, आणि तो जिवावरही बेतू शकतो."

"तं सापडवा ना जी! तुमाले मंग अठी कायले ठेवलं हाये?"

हाच प्रश्न मी स्वतःला रोज सकाळी दाढी करताना विचारतो.

* * *

आमच्या काळी या आजारात तोंडानं काही द्यायचं नाही असा शिरस्ता होता. ग्रंथीला विश्रांती द्यायची, म्हणून दिवसचे दिवस रोगी उपाशी. दुसऱ्या दिवशी पल्लवी म्हणाली, "सर, यांची उलटी थांबलीय, भूक लागली म्हणतात. मऊ भात आणि पातळ वरण सुरू करू या."

मी दचकलो. "अगं, इतक्यात?"

"झटका सौम्य असेल आणि भूक असेल तर आता असंच करतात. मला तो लेख तुम्हीच पाठवला होता, सर!"

पाठवला होता. वाचून पटलाही होता. पण वाचून पटणं वेगळं आणि सुजलेल्या स्वादुपिंडासमोर भाताचं ताट बघणं वेगळं! मी खाटेभोवती घिरट्या घालायला लागलो. एवढ्यात सिस्टर मेश्राम धावत आल्या.

"सर, कापगतेंची बायको जिन्यात चक्कर येऊन पडली!"

धावलो. साखर उतरली होती. नवऱ्याचं खाणं बंद केल्यापासून बाईनं अन्नाला हात लावला नव्हता.

"अहो, उपाशी राहायचं त्यांनी! तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"माणूस उपाशी असन तं बाई कशी जेवन जी?"

"पण तुम्ही तर त्यांच्याशी बोलतसुद्धा नाही!"

"बोलत नाई तं काय झालं? भांडण तोंडाशी हाये, पोटाशी नाई."

पल्लवीनं दोन ताटं मागवली. सुखदेव जेवला. विमलही जेवली, त्याच्याकडे पाठ करून. तो जेवला आणि काही बिघडलं नाही, पण बिघडेल या धास्तीनं माझ्या घशाखाली घास उतरेना. त्या दिवशी वॉर्डात उपाशी राहिलेला माणूस एकटा मी!

* * *

सलाईनचा एक किस्सा राहिलाच. आमच्याकडे उपचार बाटल्यांवर मोजतात. तिरोड्याकडच्या एका रोग्याचा साळा, म्हणजे बायकोचा भाऊ, पल्लवीवर उखडला.

"शेजारच्याले बाटलीवर बाटली, अन् आमच्या भाटव्याले हे थेंब-थेंब? वशिला लागते का जी?"

पल्लवी हुशार. तिनं विचारलं, "तुमची शेती आहे ना? धानाच्या बांधीत गरजेपेक्षा जास्त पाणी सोडलं तर काय होतं?"

"धान सडते."

"तसंच आहे. पाणी लागतंच, पण जास्त झालं तर ते फुप्फुसात साचतं. म्हणून मोजून देतो."

गडी एकदम खूश! "असं सांगा ना जी! समजला मले!" मला त्या उदाहरणाचा इतका अभिमान वाटला की दोन दिवस मी ते सगळ्यांना ऐकवत होतो. तिसऱ्या दिवशी राउंडला गेलो तर त्या रोग्याचं सलाईन बंद! नळीची चकती कोणीतरी करकचून आवळलेली. मी ओरडलो, "कोणी केलं हे?"

साळा छाती काढून पुढे आला.

"मी केलो जी. बांधी भरली होती!"

* * *

आता माझ्यावरच बेतलेली गोष्ट. एका सकाळी माझ्या पोटात कळ आली. बेंबीच्या वर, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी. ती पाठीत जातेय असंही वाटलं. पुढे वाकून बघितलं, तर बरं वाटलं! मी घाबरून थेट वॉर्डात गेलो, सिस्टर मेश्रामना रक्त घ्यायला लावलं आणि सुखदेवच्या दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या खाटेवर आडवा झालो. मृत्युपत्र केलेलं आहे की नुसतं करायचं ठरवलं आहे, ते काही केल्या आठवेना.

सुखदेव कुशीवर वळला. मग अगदी आपुलकीनं म्हणाला,

"साहेब, घेता का?"

"काय?"

"दारू जी."

"छे! मी आयुष्यात कधी..."

अख्खा वॉर्ड हसला!

मी परत सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. जितकं जास्त सांगावं, तितकं ते एकमेकांकडे बघून माना डोलावायचे. म्हातारा म्हणाला, "आमी कोनाले सांगत नाई जी, काळजी नोका करू." माझा चेहरा तापला. खरं बोलणाऱ्या माणसाला खोटं पाडताना आपण किती प्रेमानं पाडतो, हे मला त्या खाटेवर कळलं.

एवढ्यात बायकोचा फोन. "अहो, पोट दुखतंय म्हणून गेलात ना? काल टोपलीतले कच्चे शिंगाडे कोणी संपवले?"

लायपेज अर्थातच नॉर्मल निघालं. मी उठून तडक पल्लवीच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "हा माणूस पीत नाही असं धरून चल. आणि पहिल्यापासून शोध."

तिनं कागदांवरून मान वर केली. "सर, मी पहिल्या दिवसापासून तसंच धरून चाललेय. तुम्ही नव्हता का?"

* * *

शोध सुरू झाला. पित्ताशयात खडे असले तर ते निसटून नळी अडवतात; सोनोग्राफीत पित्ताशय स्वच्छ. काही औषधांनी होतं. सुखदेव औषधं घेत नव्हता. मग रक्तातली चरबी. त्याच दिवशी गोंदियाच्या बाजारातले एक शेठजी भरती झाले होते, तेही पोट धरून. पल्लवीनं दारूचं विचारायच्या आधीच ते दुखावून म्हणाले, "मॅडम, हम तो लहसुन-प्याज भी नहीं छूते!"

थोड्या वेळानं लॅबचा माणूस काचेची नळी घेऊन आला. रक्त खाली बसलेलं आणि वरचं पाणी पांढरं. दुधासारखं पांढरं! रक्तात अशी चरबी वाढली की स्वादुपिंड सुजू शकतं, हे मी किती मुलांना शिकवलं. पण ती नळी हातात आल्यावर मी चष्मा पुसून परत पाहिलं. मी ती शेठजींना दाखवली.

"हे बघा, तुमचं रक्त!"

शेठजींनी नळी उजेडात धरली. चेहऱ्यावर भीती नाही, उलट समाधान.

"घर का शुद्ध घी है, डॉक्टर साहब। मिलावट का सवाल ही नहीं!"

सुखदेवची नळी मात्र स्वच्छ. तो शेठजींच्या नळीकडे असा बघत होता, जसं कोणी दुसऱ्याच्या पिकाकडे बघावं.

"साहेब," तो म्हणाला, "माह्यातबी कायतरी निंगू द्या ना."

* * *

आणि निघालं! त्याच सोनोग्राफीत मूत्रपिंडात खडे दिसले होते. त्याला आधीही मुतखडा झाला होता. पोटात सूज आणि मूत्रपिंडात खडे म्हटल्यावर पल्लवीनं रक्तातलं कॅल्शियम तपासलं. ते भलतंच वर. मला खरं वाटेना. दंडाला पट्टा घट्ट बांधला तरी आकडा फसवतो. परत नमुना घ्या म्हटलं. परत वर. आणखी एकदा म्हटलं. सुखदेवनं बाही खाली ओढली.

"साहेब, विहीर आटन आता!"

पण आकडा ठाम होता. मग कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक तपासलं, तेही वाढलेलं. मानेत, थायरॉइडच्या मागे, चार चिमुकल्या ग्रंथी असतात. त्यातली एक वाढून बसली होती आणि हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओतत होती. त्या कॅल्शियमनं स्वादुपिंड सुजत होतं. दुखणं पोटात आणि चोर गळ्यात!

सुखदेवला सांगितलं तेव्हा त्याचा हात आपोआप गळ्याशी गेला.

"गळा कापाचा का जी? अन् आवाज?"

आवाजाची नस तिथूनच जाते. धोका थोडा असतो, पण असतो. मी तसं सांगितलं.

"आवाज गेला तं नुसतं पोट घेऊन काय करू, साहेब?" मग त्यानं गळ्यावरचा हात काढला. "बरं, कापा. पर आदी तिले सांगा. दारू नोहोय म्हना."

मी विमलला बोलावलं. सगळं समजावलं. तिनं एकच विचारलं, "पक्का हाये?"

आता बघा. वैद्यकात शंभर टक्के काही नसतं. हे मी पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवलं. आणि नेमक्या त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं,

"जवळजवळ नक्की."

विमलनं पिशवी उचलली.

"मागचा डॉक्टर पक्का बोलला होता जी. तुमी तं तेवढंबी नाई बोलत!"

आणि ती बोदलकशाला निघून गेली. पल्लवी त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

* * *

ऑपरेशन नागपूरला झालं. सिस्टर मेश्राम आणि मी सुखदेवसोबत गेलो होतो, थिएटरबाहेर थांबलो होतो. सिस्टर मेश्राम कुजबुजल्या, "सर, मागे बघा." कॉरिडॉरच्या टोकाला विमल, भावासोबत उभी. नवऱ्याला भेटली नाही. डबा मात्र पाठवला.

सर्जननं ग्रंथी काढली. वालाच्या दाण्याएवढी! एवढ्याशा दाण्यानं एक संसार मोडायला काढला होता. पण माझा जीव आवाजात अडकला होता. सुखदेवला बाहेर आणलं. डोळे अर्धे मिटलेले, जीभ जड. सर्जन वाकून म्हणाले, "कापगते, बोला काहीतरी."

काही नाही.

"कापगते! आवाज काढा."

सुखदेवनं एक डोळा उघडला. आणि साऱ्या कॉरिडॉरभर घुमेल असा गरजला,

"ए बाये! बाटली कोठी लपवलीस वो!"

सर्जन दोन पावलं मागे सरकले. नर्सच्या हातातला ट्रे पडला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आवाज शाबूत होता, खणखणीत होता! मी आनंदानं मागे वळलो, तर विमल पदर तोंडाला लावून उभी.

"अहो, हे त्यांच्या नाटकातलं आहे!" मी म्हणालो. "भूल उतरताना माणूस काहीही बरळतो!"

"बेहोशीत माणूस खरं बोलते जी," ती म्हणाली, आणि भावाला म्हणाली, "चाल गा."

* * *

त्यानंतर सुखदेवचं कॅल्शियम खाली आलं, पोट पुन्हा दुखलं नाही. धान कापून झालं. नाटक मंडळीच्या मालकानं निरोप धाडला की आवाज पहिल्यासारखा असेल तरच काम, नाहीतर दुसरा गडी तयार आहे. दुपारी, नवेगाव बांधला, समाजमंदिराच्या अंगणात तात्पुरतं स्टेज उभारून तालीम ठेवली. सुखदेवनं आम्हाला आग्रहानं बोलावलं. पल्लवी आली, सिस्टर मेश्राम आल्या, मीही गेलो. तालीमच, पण गाव लोटलं होतं. सुखदेव बेवडा परत उभा राहतो की नाही, हे सगळ्यांना बघायचं होतं.

"तिलेबी सांगावा धाडलो," तो हळूच म्हणाला. "येत नाई वाटते. तिनं हे नाटक कई पायलंच नाई जी. म्हनते, आपल्या मानसाले नालीत पडतानी कोन पायन?"

पण ती आली होती. गर्दीच्या मागे, भावाच्या शेजारी. मी सुखदेवला सांगणार, तेवढ्यात पेटी वाजली.

तो आला. आणि मी चक्रावलो! मघाशी माझ्याशी सरळ बोलणारा माणूस, त्याचा एक पाय दुसऱ्याला ओळखत नव्हता. ओठ सैल, डोळे तांबारलेले, कपाळावर घाम. हातात बाटली. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, दुसरा घेतला. ते वाकडं तोंड असं काही होतं की मला स्वतःच्या सगळ्या निदानाची शंका यायला लागली. एवढे नमुने, एवढे आकडे, ती वालाएवढी ग्रंथी, सगळं खोटं असलं तर? मी पल्लवीच्या कानाशी लागलो.

"अगं... तू मघाशी त्याच्या जवळ होतीस ना? वास आला का?"

"सर!" ती म्हणाली. थोड्या वेळानं मात्र, नजर स्टेजवरच ठेवून, हळूच म्हणाली, "सर्दी आहे मला."

सुखदेवनं नाटकातल्या बायकोचं मंगळसूत्र हिसकलं. ती रडत कोसळली. सुखदेवही कोसळला, पाठीवर, बाटलीसकट. आवाज पहिल्याहून भारी लागला होता. गर्दीतल्या बायका डोळे पुसत होत्या. मालक खुर्चीत मांडीवर थाप मारत होता.

आणि गर्दी मधोमध फाटली. विमल चालत पुढे आली.

ती सरळ स्टेजवर चढली. नाटकातली बायको रडायची थांबली. पेटीवाल्याचा भाता थांबला. सुखदेव खाली पडल्या पडल्या डोळे उघडून बघत होता, हलत नव्हता. विमल वाकली. त्याच्या मुठीतून तिनं बाटली सोडवली. नाकाशी नेली. एकदा आमच्याकडे बघितलं, डॉक्टर लोकांकडे. मग साऱ्या गावासमोर, डोक्यावरचा पदर सरळ करून, तिनं बाटली तोंडाला लावली.

"विमल!" भाऊ ओरडला.

ती थांबली नाही. उरली होती तेवढी सगळी प्यायली, शेवटच्या थेंबापर्यंत. सिस्टर मेश्रामनी माझा दंड घट्ट धरला होता.

विमलनं बाटली खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं.

"कोरी चाय हाये," ती म्हणाली. "अन् ते बी थंडी."

मग तिनं त्याला हात दिला.

"उठा. घरी चाला. गरम करून देतो."